पक्षी फारसे ओळखता येत नाहीत, तरी हिवाळी पक्षीगणनेत भाग घेता येईल का?

येईल की! आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. नाशिकजवळ नांदूर मध्यमेश्वरला किंवा उजनी धरणाच्या फुगवट्यावर गटासोबत जा. नवख्याकडे बहुधा वही येते, आणि ते काम हलकं नाही. दुर्बिणीतून डोळा न काढता जाणकार आकडे सांगत जातो, ते नीट टिपावे लागतात. मोठा थवा एकेक करून मोजत नाहीत. दहा-वीस पक्ष्यांचा पुंजका नजरेत धरायचा आणि तसे किती पुंजके बसतात ते बघायचं. ओळखायला सुरुवात वारकरी, थापट्या, चक्रवाक या पाणपक्ष्यांपासून करा. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी बदक’ लिहा, ठोकून देऊ नका. भडक कपडे नकोत, आणि पहाटे पोचा. उन्हं चढली की पाण्यावर नुसती चकाकी.