सकाळी नीट चालणारे मूल संध्याकाळी का अडखळते?

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. सकाळी ती व्यवस्थित चालते. पण दिवस कलला की तिचा डावा पाय आत वळतो, ती चवड्यावर चालू लागते आणि उभी असताना कमरेत वाकते. एका डॉक्टरांनी हा सेरेब्रल पाल्सीचा सौम्य प्रकार असल्याचे सांगितले. मेंदूत डोपामिन कमी पडल्यानेही मुलांची ठेवण अशी बिघडते, असे वाचले. ते खरे आहे का? घरातील वडीलधारी मंडळी खाजकुहिलीचे चूर्ण द्यायला सांगतात, द्यावे का? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचा तपशील ‘सकाळी ती व्यवस्थित चालते’ हा आहे, आणि तो आपण डॉक्टरांना सांगितला नसेल तर आवर्जून सांगावा. सेरेब्रल पाल्सीतला, म्हणजे मेंदूला अगदी लहानपणी झालेल्या इजेमुळे येणारा, ताठरपणा थकव्याने वाढू शकतो. पण रात्रभराच्या झोपेनंतर तो जवळजवळ नाहीसा व्हावा, असे सहसा घडत नाही. जपानमधील बालमेंदूविकारतज्ज्ञ मासाया सेगावा यांनी १९७० च्या दशकात नेमक्या याच चढउतारावर बोट ठेवून एका वेगळ्या आनुवंशिक आजाराचे (सेगावा आजार, म्हणजेच डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया) वर्णन केले. तो बहुधा शाळकरी वयात, पाय वाकडा पडण्यापासून सुरू होतो आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक दिसतो.

ताठ उभे राहण्यासाठी एका बाजूचे स्नायू आवळले जात असताना विरुद्ध बाजूचे सैल सुटावे लागतात. हा मेळ राखण्यात मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लिया या पेशीपुंजांचा मोठा वाटा असतो आणि त्यांचे काम डोपामिन या संदेशवाहक रसायनावर चालते. टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपामिन तयार होताना टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा मदतनीस रेणू लागतो. तो बनवण्याची पहिली पायरी ज्या विकरावर (एन्झाइमवर) अवलंबून असते, त्याच्या चौदाव्या गुणसूत्रावरील जनुकात दोष असल्याचे जपानी संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले. या आजारात पार्किन्सनप्रमाणे चेतापेशी मरत नाहीत. त्या शाबूत असतात, फक्त त्यांच्याकडील डोपामिनचा साठा दिवसभरात खालावतो आणि झोपेत काही अंशी भरून निघतो, असे मानले जाते. म्हणूनच लेव्होडोपा या, मेंदूत डोपामिनमध्ये बदलणाऱ्या औषधाची अगदी थोडी मात्रा, त्याला मेंदूपर्यंत पोहोचू देणाऱ्या कार्बिडोपाच्या जोडीने, बहुतेकांना उत्तम लागू पडते आणि ती वर्षानुवर्षे लागू पडत राहते. सेरेब्रल पाल्सी समजून अशी मुले कित्येक वर्षे या औषधाविना राहिल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत, याचे मला फार वाईट वाटते.

अमेरिकेतील एका जुळ्या भावंडांना दोन वर्षांची असताना सेरेब्रल पाल्सीचे निदान मिळाले होते. पुढे लेव्होडोपाने त्यांना बराच आराम पडला, तरी काही तक्रारी उरल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत त्याच मदतनीस रेणूच्या निर्मितीतील अखेरच्या पायरीचा दोष सापडला. त्यामुळे सेरोटोनिन हे मेंदूतील दुसरे संदेशवाहक रसायनही कमी पडत असल्याचे ध्यानात आले आणि त्यासाठीचे पूरक औषध जोडल्यावर त्या तक्रारीही कमी झाल्या.

आपल्या मुलीला हाच आजार आहे, असे पत्रावरून म्हणता येणार नाही, कारण पाय वळण्याची कारणे अनेक आहेत. मात्र तिच्या चालण्याचे सकाळी उठल्यावर आणि दिवेलागणीला, एकाच जागी, अनवाणी असे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवावे. दोन्हीकडच्या नातेवाइकांत कुणाचा पाय वाकडा पडतो का, लिहिताना हात आखडतो किंवा कापतो का, याचीही विचारपूस करावी. दोष असूनही आई किंवा वडिलांत लक्षणे अजिबात नसू शकतात. ही माहिती घेऊन बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे आणि लेव्होडोपा देऊन पाहण्याविषयी स्पष्टपणे विचारावे. जिल्ह्यातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रातूनही पुढे पाठवण्याची सोय होऊ शकते. सुरू असलेली फिजिओथेरपी बंद करू नये.

खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असते, त्यामुळे वडीलधाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तरीही चूर्णाच्या एका चमच्यात ते किती आहे हे कळत नाही, त्याने मळमळ व उलट्या होऊ शकतात आणि डॉक्टर जी मोजून मापून चाचणी घेणार, तिचा निष्कर्षच त्यामुळे गढूळ होतो. तपासणी पूर्ण होईपर्यंत ते देऊ नये. आधी दिले असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे.