वाढ मंदावली, वापर नव्हे

प्रश्न : जगभरात मोबाइल डेटाच्या वाढीचा वेग मंदावल्याचे वाचनात आले. आमच्या घरी मात्र रोजचा दीड जीबी डेटा संध्याकाळीच संपतो. मग वापर खरोखर कमी होत आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वापर कमी झालेला नाही, घसरली आहे ती वाढीची टक्केवारी. एरिक्सनच्या अहवालांनुसार २०१८ च्या अखेरच्या तिमाहीत मोबाइल नेटवर्कवरील जागतिक डेटा वर्षभरात तब्बल ८८ टक्क्यांनी वाढला होता, तर २०२५ च्या पहिल्या तिमाहीत ही वाढ १९ टक्क्यांवर आली. (एरिक्सन ही नेटवर्कची यंत्रसामग्री विकणारी कंपनी; वाढ मोठी दिसणे तिच्याच फायद्याचे, तेव्हा ती मुद्दाम कमी करून सांगितल्याची शंका घेण्याचे कारण नाही.) तरीही त्या वर्षभरात महिन्याचा एकूण डेटा सुमारे १४५ एक्साबाइटवरून १७२ एक्साबाइटवर गेला. एक एक्साबाइट म्हणजे शंभर कोटी जीबी.

मूळ आकडाच मोठा झाल्याने टक्का लहान दिसतो, हे खरे. पण तेवढेच कारण नाही. २०१८ मधील उसळीमागे चीनमधील झपाट्याने वाढलेला वापर होता, आणि भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर स्वस्त झालेल्या डेटाने कोट्यवधी लोक प्रथमच व्हिडिओ पाहू लागले होते. अशी लाट एकदाच येते. मोबाइल डेटापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा व्हिडिओचा आहे. पाहणाऱ्याचे तास मर्यादित आहेत आणि हातभर अंतरावरच्या छोट्या पडद्यावर चित्र एका मर्यादेपलीकडे अधिक स्पष्ट केले, तरी डोळ्यांना फरक जाणवत नाही.

तुमचा कोटा संध्याकाळीच संपण्याचे एक कारण असे, की छोट्या व्हिडिओंची अॅप्स पुढच्या काही चित्रफिती आधीच उतरवून ठेवतात. तुम्ही त्या न पाहता पुढे सरकलात, तरी डेटा खर्च झालेला असतो. सेटिंग्जमधील डेटा सेव्हर सुरू केल्यास पुष्कळदा यावर आळा बसतो.

हे आकडे वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फायबर जोडणीवरच्या वाय-फायने फोनवर पाहिलेले यात मोजले जात नाही. उलट ५जी राउटरवरून घरच्या टीव्हीवर पाहिलेले मोजले जाते, आणि मोबाइल नेटवर्कवरील सुमारे एक चतुर्थांश डेटा आता अशा घरगुती जोडण्यांचाच आहे. त्यामुळे उद्या तुम्ही घरी फायबर घेतलेत, तर तुमचा वापर कितीही वाढला तरी या आकड्यांत तो घटलेलाच दिसेल.