मुलाला हात लावला नाही, म्हणून भेट द्यायचीच का?

ताई, मारहाण सिद्ध कशी करायची यावर मी इथे वेळ घालवत नाही. तुमचा पेच वेगळा आहे आणि तो तुमच्याआधी अनेकींनी जवळजवळ याच शब्दांत विचारलाय: नवरा मारायचा मला, साडेचार वर्षांच्या मुलाला कधी बोट लावलं नाही, आता तो दर शनिवार-रविवार मूल मागतोय, कोर्ट देईल का?

कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. त्यातलं कलम २१ वाचा. दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा तुम्हाला देऊ शकतात, आणि वडिलांची भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असं त्यांचं मत झालं, तर त्यांनी भेट नाकारायचीच, असं ते कलम सांगतं. मुलाला मार बसला होता का, असं ते कलम विचारतच नाही.

आणि तुमच्या अर्जात ही मागणीच नाही! पोटगी आहे, घर आहे, दागिने आहेत. मूल फक्त वय लिहिण्यापुरतं. सही करण्याआधी अर्ज वाचला होता का? नशीब, हा ताबा सुनावणीच्या कोणत्याही टप्प्यावर मागता येतो. वकिलांना सांगून लगेच वेगळा अर्ज द्या. प्रकरण ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय, आणि तुम्हाला दीड वर्ष नुसत्या तारखा मिळताहेत, तेव्हा कोर्टाच्या भरवशावर थांबू नका.

मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, दार आपटलं की पलंगाखाली शिरतं, बालवाडीत चावतं, हे तुम्ही मला लिहिलंत. डॉक्टरांना कधी सांगितलंत? इतक्या लहान मुलाला बोलून दाखवता येत नाही, ते असं वागण्यातून बाहेर पडतं. पण घर बदललं म्हणूनही मुलं अशी वागतात, आणि समोरचा वकील नेमकं तेच म्हणणार. म्हणून बालमानसोपचारतज्ज्ञाची तारखेनिशी नोंद हवी. तो खर्च कलम २० खाली मागा. त्यात मुलासाठी झालेला खर्चही धरलाय. मुलाला मात्र काही पढवू नका.

भेट पूर्ण बंद होईल असं मी म्हणणार नाही. न्यायाधीश बहुधा देखरेखीखाली भेट देतील, म्हणून तो पर्याय जागा आणि वेळेसह तुम्हीच अर्जात लिहा. कायमचा ताबा हा कुटुंब न्यायालयाचा वेगळा विषय.

मागच्या सुट्टीत तुम्ही स्वतःहून मूल आठवडाभर त्याच्याकडे ठेवलंत. ते का, हे प्रतिज्ञापत्रात आधीच सांगून टाका. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येईल.