जुनी डिस्क जोडली की कॉम्प्युटर अडतो

प्रश्न : खानापूरला आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, मराठी-कन्नड दोन्ही करतो. सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमधली 40 जीबीची हार्ड डिस्क चालू कॉम्प्युटरला जोडली. डीव्हीडी रायटरला जी रुंद पट्टीची केबल आहे, तिच्याच मधल्या टोकाला. आता कधी पहिल्या लोगोवरच सगळं थांबतं, कधी काळ्या पडद्यावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ येतं. डिस्क काढली की विंडोज 10 नीट चालू होतं. डिस्क फॉरमॅट करून बघू का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, फॉरमॅट अजिबात करू नका. बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुकानात एका छापखानेवाल्यांची डिस्क मी घाईत फॉरमॅट केली होती. त्यांचं वीस वर्षांचं काम त्यात होतं. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून हे आधी सांगतो.

तुमचं विंडोज ठीक आहे. एनटीएलडीआर ही विंडोज एक्सपी सुरू करून देणारी फाइल, विंडोज 10 ला ती लागतच नाही. म्हणजे कॉम्प्युटर तुमच्या रोजच्या डिस्ककडे न जाता सासऱ्यांच्या डिस्कवरून सुरू व्हायला बघतोय, आणि तिथली ती फाइल गेलेली आहे.

लोगोवर अडकण्याचं कारण बहुतेक वेगळं आहे, ते आधी निस्तरू. एका पट्टीवर दोन वस्तू असल्या की एक मास्टर म्हणजे पहिली, दुसरी स्लेव्ह म्हणजे दुय्यम असावी लागते. दोन्ही मास्टर असतील तर बायोसला, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताच आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला, कोण कुठे ते कळत नाही. पिन काढून, म्हणजे वीज पूर्ण तोडून, डीव्हीडी रायटर काही दिवस सोडवून ठेवा आणि डिस्क एकटीच पट्टीच्या टोकाच्या काळ्या कनेक्टरला लावा. निळं टोक मदरबोर्डचं, करडं मधलं. डिस्कच्या मागे गव्हाच्या दाण्याएवढं टोपण असतं, तो जंपर; मास्टर की स्लेव्ह ते त्यावरून ठरतं. कुठे बसवायचा त्याचं चित्र डिस्कच्या लेबलवरच छापलेलं असतं. डिस्क वेस्टर्न डिजिटलची असेल तर चित्र नीट बघा : त्यात ‘एकटी’ आणि ‘सोबत स्लेव्ह असलेली मास्टर’ या दोन वेगळ्या जागा असतात. इथे पुष्कळांची गफलत होते.

मग चालू करताना डिलीट किंवा एफ 2 दाबून बायोसमध्ये जा. ‘फर्स्ट बूट डिव्हाइस’ला, म्हणजे आधी कुठून सुरू व्हायचं तिथे, हार्ड डिस्क दिसली की आपण निश्चिंत होतो, पण कोणती हार्ड डिस्क, ते अनेक बोर्डांवर ‘हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी’ या वेगळ्या यादीत ठरतं. नवी डिस्क जोडली की तिथला क्रम गुपचूप बदलतो. तुमची विंडोज 10 ची डिस्क वर आणा, सेव्ह करा. सेटिंगमध्ये साटाचा (नव्या डिस्कांच्या जोडणीचा) मोड मात्र बदलू नका, नाहीतर निळा पडदा येईल आणि तो दोष डिस्कचा वाटेल.

सुरू होताना डिस्क तपासायची म्हणून उलटी मोजणी दिसली तर कळ दाबून ती थांबवा. तपासणी डिस्कवर लिहिते, आणि म्हाताऱ्या डिस्कवर आधी फक्त वाचायचं. विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का’ विचारलं तरी नाहीच म्हणा.

डिस्क दिसली की पत्रिकांबरोबर जुन्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्सचा फोल्डरही उचला. श्रीलिपी किंवा कन्नडच्या जुन्या नुडीत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. फाइल शाबूत असूनही लोक ती खराब समजून पुसून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. सगळं दोन ठिकाणी उतरवलं की डिस्क काढून ठेवा, ती रोज फिरवायची नाही.

डिस्कमधून सारखा टक्-टक् आवाज आला तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. ती बेळगावला आणा. येताना जाड कापडात गुंडाळा आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसा, वरच्या फळीवर ठेवू नका.