राइट बंधूंचं पहिलं इंजिनवालं बायप्लेन (एकावर एक दोन पंखांचं विमान) नेमकं केवढं होतं? आणि पंख असे का?

१९०३च्या ‘फ्लायर’चा पंखविस्तार १२.३ मीटर, लांबी ६.४ मीटर आणि रिकामं वजन सुमारे २७४ किलो. सांगाडा स्प्रूस लाकडाचा, वर मलमलीसारखं सुती कापड.

इंजिन चार सिलिंडरचं, जेमतेम १२ हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या १२५ सीसी बाइकइतकंच! ते त्यांच्या सायकल दुकानातल्या चार्ली टेलरने बनवलं. विमान पुढे ढकलणारे मागचे दोन्ही पंखे (प्रोपेलर) चेनने फिरायचे (सायकलवालेच ते, दुसरं काय सुचणार).

मला सगळ्यात आवडतो तो उजवा पंख. वैमानिक मधोमध न झोपता थोडा डावीकडे पालथा झोपायचा, इंजिन उजवीकडे. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणून उजवा पंख मुद्दाम चार इंचांनी लांब केला होता.

एकावर एक पंख का? कमी ताकदीच्या इंजिनावर उडायचं तर पंखांचं क्षेत्रफळ भरपूर हवं. एकच लांब पंख हलका ठेवला तर वाकणार. दोन पंखांमध्ये उभे दांडे आणि तिरप्या तारा ताणल्या की पुलासारखी मजबूत चौकट तयार होते. तोटा मात्र मोठा: या दांड्या-तारांना हवेचा विरोध फार. पुढे इंजिनं दमदार आणि पंख धातूचे झाल्यावर १९३०च्या दशकात बायप्लेन मागे पडलं.