‘फक्त जवळून बघू’ म्हणून नेलं होतं

खोपोलीच्या इमॅजिकाला शाळेची सहल ठरली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, मुलगा राइडला घाबरतो. बळेच बसवलं तर भीती मोडेल ना?" या वर्षी हाच प्रश्न टेक्सासहून आला. डॅलसजवळ राहणारं मराठी कुटुंब, नऊ वर्षांचा मुलगा. त्याला इथे ईशान म्हणते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

ईशानच्या जिवलग मित्राचा वाढदिवस आर्लिंग्टनच्या सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सास या मनोरंजन पार्कात होणार होता आणि सगळी पोरं तिथल्या माइन ट्रेनमध्ये बसणार होती. खाणीतून सुटलेली गाडी डोंगरदऱ्यांतून, बोगद्यांतून धावतेय असा देखावा असलेला हा रोलर कोस्टर. ही गाडी 1966 पासून चालते आणि या प्रकारातली जगातली पहिली समजली जाते. डिस्नेलँडची प्रसिद्ध बिग थंडर माउंटन तिच्यानंतर तेरा वर्षांनी, 1979 मध्ये आली. आजच्या महाकाय कोस्टरांपुढे ही गाडी सौम्यच. पण आमंत्रण आल्यापासून ईशानचं पोट दुखत होतं आणि तो रात्री आईजवळ येऊन झोपत होता.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे त्यांच्या सकाळी नऊला, आई-बाबा स्क्रीनवर आले. बोलायला बाबांनी सुरुवात केली. "काही नाही हो, जरा भित्रा ससा आहे. एकदा बसला की सुटेल. मी गावी विहिरीत पोहायला असाच शिकलो. काकांनी सरळ ढकलून दिलं."

मी विचारलं, "ढकललं तेव्हा पाठीला काय बांधलं होतं?"

"डबा होता. रिकामा, पत्र्याचा."

"आणि काका कुठे होते?"

ते जरा थांबले. "विहिरीतच. खाली, पाण्यात. ढकललं ते चुलतभावाने... काका झेलायला होते."

त्यानंतर आईने हळू आवाजात गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या एका पार्कात बाबांनी ‘फक्त जवळून बघू’ म्हणून ईशानला रांगेत नेलं होतं. त्यांचा नंबर आला तेव्हा तो नाही नाही म्हणत होता. बाबांनी त्याला उचलून सीटवर बसवलं आणि वरून दांडा खाली आला. राइडभर तो ओरडला नाही की रडला नाही. खाली उतरल्यावर मात्र दोन दिवस बाबांशी बोलला नाही.

माझं मत तेव्हाच पक्कं झालं. गाडीची भीती होती, पण ती लहान होती. मोठी भीती ही होती की आपल्या ‘नाही’ला किंमत नाही. त्या दिवसानंतर रांगेजवळ जाणंसुद्धा त्याच्यासाठी धोक्याचं झालं होतं, कारण रांग म्हणजे सापळा. हे मी बाबांना आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. चष्मा काढून पुसत बसले.

"म्हणजे मग त्याला न्यायचंच नाही का?" आईने विचारलं. तसंही नाही. दर वेळी टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू त्यातून एवढंच शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. भीती तिथेच राहते, उलट पुष्ट होते. हे फार जुनं शहाणपण आहे. 1924 मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या सुमारे तीन वर्षांच्या पीटरबद्दल लिहिलं. तो आवडीचं खात असताना ससा खोलीत लांब ठेवायचा आणि दिवसादिवसाने जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. बाबांना मी म्हटलं, तुम्ही ज्याला भित्रा ससा म्हणता, त्याच्यासाठी पहिला धडा सशाच्याच गोष्टीत आहे.

पुढच्या वेळी ईशान स्वतः पाच-दहा मिनिटं स्क्रीनवर आला. ‘घाबरू नकोस’ हे वाक्य मी मुलांशी कधीच वापरत नाही, त्याने काही होत नाही. मी विचारलं, "काय होईल असं वाटतं? मला अगदी बारीक सांग." त्याच्याकडे तीन गोष्टी होत्या. गाडी चढ चढताना टक-टक-टक वाजते, म्हणजे साखळी तुटायला आलेली असते. शेवटी गाडी तळ्याखालच्या बोगद्यात घुसते, तिथे पाणी आत आलं तर? आणि मधेच उतरायचं म्हटलं तर?

पहिल्या प्रश्नावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. मी त्याला त्याची सायकल आणायला लावली. सायकल उभी करून मागचं चाक हाताने पुढे फिरवलं आणि पेडल सोडून दिलं. टक-टक-टक. फ्रीव्हीलमध्ये छोटी खिटी दात्यांवरून घसरते, तिचा तो आवाज. एका दिशेने घसरू देते, उलट दिशेने अडकते. रोलर कोस्टरच्या चढावर हेच मोठ्या आकारात असतं. साखळी गाडीला वर ओढते आणि गाडीखालची लोखंडी खिटी रुळांमधल्या दात्यांवरून टकटक करत सरकते. साखळी थांबली तरी गाडी मागे घसरत नाही, त्या दात्यात अडकून उभी राहते. म्हणजे तो आवाज तुटण्याचा नाही, धरून ठेवल्याचा आहे. ईशानने चाक पुन्हा पुन्हा फिरवलं. मग त्याने विचारलं, गाडी रुळावरून उडत का नाही? मी पेन धरून दाखवलं: चाकं रुळाच्या वरून असतात, बाजूने असतात आणि खालूनही असतात. बोटांनी तिन्ही बाजूंनी पकडलेला पेन उडेल का?

बोगदा कोरडाच असतो, हे बाबांनी त्याला व्हिडिओवर दाखवलं. तिसऱ्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. सुरू झाल्यावर मधे उतरता येत नाही. दांडा खाली येण्याआधीपर्यंत मात्र केव्हाही परत फिरता येतं, आणि परत फिरलास तर बाबा एक शब्द बोलणार नाहीत. हे मी बाबांच्या देखत बोलले. त्यांनी मान हलवली.

वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी तिघं नुसते पार्कात गेले. माझी एकच अट होती, गाडीत बसण्याचा विषय बाबांनी काढायचा नाही. ईशानने खाली उभं राहून गाडी किती वेळात परत येते ते मोबाईलवर मोजलं, उतरणाऱ्या माणसांचे चेहरे पाहिले. तिथे लहान मुलांसाठी मिनी माइन ट्रेनही आहे, तिच्यात तो दोनदा बसला. मग स्वतःहून मोठ्या गाडीच्या रांगेत उभा राहिला. अगदी फाटकापर्यंत गेला आणि म्हणाला, "नको."

बाबा वळले. रांगेतल्या लोकांना ‘सॉरी, सॉरी’ म्हणत त्याच्यासोबत उलटे चालत बाहेर आले आणि दोघांनी फनेल केक खाल्ला. त्या रात्री आईचा मेसेज आला, ‘आज जमलं नाही.’ मी कळवलं, माझ्या लेखी आजच जमलं. ईशान त्या रात्री आपल्या खोलीत झोपला.

अशा वेळी काही पालक म्हणतात, इतक्या वर नेऊन परत आणलं म्हणजे मेहनत वाया. मला तसं अजिबात वाटत नाही. पण एक सांगते. भीती महिनोन्महिने टिकली, शाळा, झोप, जेवण यांत शिरली, तर घरच्या घरी प्रयोग न करता प्रत्यक्ष बालमानसतज्ज्ञाकडे जा. आणि उंचीची पट्टी, हृदय-मानेच्या त्रासाबद्दलच्या सूचना यांत हट्ट चालत नाही, मूल कितीही धीट असो.

वाढदिवसाला जाण्याआधी ईशानने एवढंच विचारलं, कुठे बसू? मी म्हटलं, मधल्या डब्यात. उतारावर शेवटचे डबे जास्त जोरात ओढले जातात. आणि डोळे उघडे ठेव, वळण आधी दिसलं की अंग तयार होतं.

त्या रविवारी बाबांचा मेसेज आला. गाडीला तीन चढ आहेत. पहिल्या दोन चढांवर ईशानने त्यांचा हात घट्ट धरला होता, असं त्यांनी लिहिलं होतं. तिसऱ्या चढावर सोडला, मान त्यांच्याकडे वळवली आणि म्हणाला, "बाबा, ऐक. फ्रीव्हील."