वाचक विचारतात : डीव्हीडीचा मेनू टेम्प्लेटशिवाय कसा करायचा?

या महिन्यात घरच्या आणि मंडळांच्या व्हिडिओंवर बरीच पत्रं आली, त्यातली मेनूबद्दलची (डिस्क लावल्यावर पडद्यावर येणारी निवडीची यादी) इथे एकत्र घेतलीयत. डीव्हीडी आता कोण बघतं असं विचारणारेही आहेत, त्यांना एवढंच सांगतो की ज्यांच्या घरी प्लेअर आहे ते बघतात, आणि पत्रंही त्यांचीच आहेत.

फोंड्याहून एका हौशी नाट्यमंडळाचे सभासद : आमच्याकडे जत्रेला संगीत नाटक होतं. यंदाचं रेकॉर्डिंग छान आलंय, तीन अंक आणि चौदा पदं आहेत. मंडळातल्या जुन्या लोकांना पेनड्राइव्ह नकोच, डिस्क हवी आणि हवं ते पद पटकन लावता यायला हवं. सॉफ्टवेअरमध्ये टेम्प्लेटं, म्हणजे मेनूचे तयार साचे, बघितली तर फुगे, फिल्मची रिळं, बर्थडे केक. स्वतः मेनू काढता येतो का, की स्टुडिओत जायला हवं?

येतो की! स्टुडिओवाले पण बहुतेक वेळा तेच फुगे लावून देतात, फक्त पैसे घेऊन. टेम्प्लेट दिसायला कसं आहे हा मुद्दा मी सोडून देतो, खरी अडचण वेगळी आहे : ते करणाऱ्याने 'सुरू करा' आणि 'सीन निवडा' एवढंच डोक्यात ठेवलेलं असतं, तुमच्या चौदा पदांची त्याला कल्पनाच नाही. मग पदांच्या जागी बारीक बारीक चौकटी येतात, प्रत्येकीत तीच पेटी आणि तोच पडदा, कुठलं पद कुठलं ते कुणाला कळणार?

तर आधी कॉम्प्युटर बंद ठेवा आणि कागदावर काढा. पहिल्या पानावर तीनच गोष्टी : नाटक सुरू, अंक, पदं. 'पदं' दाबलं की अंकवार तीन पानं, एकेकावर चार-पाच पदांच्या पहिल्या ओळी आणि खाली 'मागे'. डीव्हीडीच्या नियमाने रुंद पडद्याच्या (१६:९) मेनूवर १८ बटणं बसतात, जुन्या चौकोनी पडद्याच्या (४:३) मेनूवर ३६, पण बसतात म्हणून बसवायची नसतात, सोफ्यावरून चष्मा न लावता वाचता यायला सहा-सातच्या पुढे जाऊ नका.

आता चित्र. आपल्याकडे टीव्हीची पॅल पद्धत, म्हणजे फ्रेम ७२० बाय ५७६. पण रुंद पडद्यासाठी चित्र थेट त्या मापात काढलंत तर टीव्हीवर सगळे नट जाडे दिसतील कारण डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात. म्हणून १०२४ बाय ५७६ वर काढा आणि अगदी शेवटी ७२० ला दाबा, प्लेअर ते परत ताणून घेतो. मागे तुमच्याच नाटकातला एखादा फोटो घ्या, तो बराच गडद करा, एका बाजूला मोकळी जागा ठेवून तिथे यादी.

सॉफ्टवेअर म्हणाल तर फुकटात डीव्हीडीस्टायलर आहे, त्यात मागचं चित्र आपलं टाकता येतं, बटणं हवी तिथे ठेवता येतात. अडोबी एन्कोर ज्यांच्याकडे अजून चालतंय (सीएस६ आवृत्तीनंतर ते बंदच झालं) त्यांची चैन आहे, फोटोशॉपमधल्या लेअरच्या ग्रुपच्या नावाच्या सुरुवातीला कंसात अधिकचं चिन्ह (+) दिलं की तो ग्रुप बटण होतो, लेअरच्या नावाच्या सुरुवातीला कंसात बरोबर-एक (=1) दिलं की तो लेअर हायलाइट, म्हणजे बटण निवडल्यावर उमटणारा रंग. लिनक्सवाल्यांना डीव्हीडीऑथर आणि त्याच्या सोबतचं, बटणांचा थर जोडणारं स्पुमक्स आहे, सगळं एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणांच्या भाषेत, लिहावं लागतं, किचकट आहे पण ताबा पूर्ण तुमचा.

पदाची खूण कुठे मारायची हेही बघा. चॅप्टर, म्हणजे ही खूण, हवा त्या फ्रेमवर पडेलच असं नाही, तो एमपेग-२ च्या (डीव्हीडीवरच्या व्हिडिओची पद्धत) फ्रेमगटाच्या सुरुवातीलाच पडतो आणि पॅलमध्ये हा गट १५ फ्रेमपर्यंत असतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त फरक पडू शकतो. बरोब्बर पेटीच्या पहिल्या सुरावर खूण माराल तर कधीकधी तो सूरच कापला जाईल, तेव्हा त्याआधीच्या संवादाचा शेवटचा शब्द ऐकू आला तरी चालेल पण खूण जरा अलीकडे मारा. आणि पद संपलं की पुढचा संवाद सुरू होणार, मेनूवर परत यायचं नाही. परतच यायला हवं असेल तर एन्कोरमध्ये चॅप्टर प्लेलिस्ट (निवडक चॅप्टरांची यादी) करून ती संपल्यावरची क्रिया मेनूवर वळवा. पण विचाराल तर नका वळवू, लोकांना पदानंतरच्या टाळ्या आणि वन्समोअर पण ऐकायचा असतो.

कोल्हापूरहून एक व्हिडिओ मिक्सिंग करणारे : मी फोटोशॉपमध्ये मस्त सोनेरी ग्लो असलेली बटणं केली. कॉम्प्युटरवर झकास, डिस्क केल्यावर हायलाइटच्या कडा करवतीसारख्या दिसतात. कोडेक (व्हिडिओ दाबून साठवणारा प्रोग्राम) खराब आहे का?

कोडेकचा काही दोष नाही हो, डीव्हीडीचं गणितच तसं आहे. मागचं चित्र वेगळं आणि हायलाइट वेगळा असतो, हा हायलाइट म्हणजे वर ठेवलेला एक पातळ थर, सबपिक्चर म्हणतात त्याला, आणि त्यात प्रत्येक पिक्सेलला दोनच बिट मिळतात. दोन बिट म्हणजे चार रंग. त्यातला एक पारदर्शक ठेवावाच लागतो, उरले तीन. तुमच्या ग्लोला लागतात शेकडो छटा, त्या कुठून येणार?

उपाय दोन. एक, अर्धपारदर्शक रंग वापरून कडा थोडी मऊ करायची, फरक पडतो पण फार नाही. दुसरा मला जास्त आवडतो : हायलाइटमध्ये अक्षर रंगवायचंच नाही. अक्षर मागच्या चित्रात पक्कं ठेवा, तुमचा सोनेरी ग्लो तिथेच द्या, तिथे रंगांचं बंधन नाही, आणि हायलाइट म्हणून फक्त शेजारी एक जाड ठिपका किंवा खाली चार पिक्सेलची सरळ रेघ. सरळ रेघेला करवत दिसत नाही. आणि दाबल्यावरचा रंग निवडलेल्या रंगापेक्षा ठळक वेगळा द्या, कारण जुने प्लेअर दाबल्यावर विचार करत बसतात आणि रंग बदललेला दिसला नाही तर माणूस रिमोट पुन्हा पुन्हा दाबत राहतो.

नाशिकहून एक वाचक : मेनूतलं मराठी तुटतं. 'द्वितीय अंक' लिहिलं तर द आणि व वेगळे पडतात, वेलांटी भलतीकडे. शिवाय टीव्हीवर अक्षरांची वरची रेघ थरथरते.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. तुटण्याचं कारण म्हणजे प्रोग्रामला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, जुन्या आवृत्तीत तेच मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन नावाने असतं. नसेलच तर इंकस्केपमध्ये टाइप करा, तिथे जोडाक्षरं नीट येतात, आणि पारदर्शक पीएनजी काढून आणा. मेनूच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करण्याच्या भानगडीत पडूच नका, सगळी अक्षरं चित्रातच. जुन्या श्रीलिपीत (युनिकोड नसलेले जुने मराठी फॉन्ट) केलेलं मॅटर असेल तर नुसता फॉन्ट बदलून भागत नाही, युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावं लागतं.

आता थरथर. डीव्हीडीचं चित्र आडव्या ओळींच्या दोन पाळ्यांत येतं, आधी एकाआड एक ओळी आणि मग मधल्या. एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ एकाच पाळीत दिसते, दुसरीत गायब, म्हणून ती लुकलुकते. इंग्रजीला हा त्रास कमी, पण आपल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेघ आहे ना, ती नेमकी आडवी! टेम्प्लेटं करणाऱ्यांच्या हे ध्यानीमनीही नसणार. तेव्हा बारीक, नाजूक फॉन्ट टाळा. मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट फुकट मिळतात, 'एक टाइप' या संस्थेचे आहेत, त्यातलं जाड वजन घ्या आणि अंतिम मापात शिरोरेघ निदान तीन पिक्सेल भरते का ते झूम करून मोजा. लग्नपत्रिकेसारखी लालभडक अक्षरं पण नकोत, डीव्हीडीत रंगाची माहिती उभी-आडवी अर्धीच साठवतात त्यामुळे लाल कडेने पसरतो. हस्तिदंती अक्षरं गडद पार्श्वभूमीवर, यात कधीच फसायला होत नाही.

इंदूरहून एक वाचक : मेनूवर मागे व्हिडिओ आणि गाणं ठेवलंय पण दर वेळी पुन्हा सुरू होताना झटका बसतो. आणि कडेचं बटण टीव्हीवर अर्धं कापलं जातं.

झटका पूर्ण घालवता येणार नाही, प्लेअर उडी मारून सुरुवातीला जातो तेव्हा तो क्षणभर अडखळतोच. लपवता मात्र येतो : शेवटच्या सेकंदात आवाज उतरवा, चित्र काळं करा, आणि सुरुवात पण काळ्यातून करा, मग बघणाऱ्याला ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा हा तुकडा, अर्ध्या मिनिटाचा तरी ठेवा, दहा सेकंदांचा लूप म्हणजे घरच्यांना शिक्षा. जागेची काळजी नको, सेकंदाला ६ मेगाबिटने (६ एमबीपीएस) अर्ध्या मिनिटाला जेमतेम २२-२३ एमबी लागतात.

कापण्याचं म्हणाल तर टीव्ही कडा खातोच. चारी बाजूंनी दहा टक्के सोडा, म्हणजे ७२० मध्ये डावी-उजवीकडे ७२-७२ आणि वर-खाली साधारण ५७. बटणांच्या अदृश्य चौकटी एकमेकींवर चढल्या नाहीत ना तेही बघा, माउसने सगळं चालतं आणि रिमोटवर मात्र खालचा बाण दाबला की निवड भलतीकडेच उडी मारते. वर, खाली, डावी, उजवी असे चारही रस्ते प्रत्येक बटणाला हाताने द्या, ऑटोवर सोडू नका, आणि यादीच्या शेवटच्या बटणावरून खाली दाबलं तर पहिल्यावर यायला हवं. आधी कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये फोल्डर उघडून बघा, मग डीव्हीडी-आरडब्ल्यूवर (पुसून पुन्हा वापरता येणारी डिस्क) एक कॉपी काढून घरातल्या सगळ्यात जुन्या प्लेअरवर लावा, आणि रिमोट स्वतःकडे न ठेवता आईच्या हातात द्या.